समोरून तपासलेलं विमान

आमच्या क्लबाचे नियम दोनच, आणि दोन्ही माझ्या हस्ताक्षरात आहेत. यवतमाळबाहेर लोहाऱ्याला कारखान्यांची हद्द संपते तिथं मुरमाचा एक पडीक तुकडा आहे. दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण तिथं रिमोटवरची विमानं उडवतो. कडेच्या बाभळीला तारेनं एक पत्रा बांधलाय आणि त्यावर मी ऑइलपेंटनं लिहिलंय: एक, ज्यानं दुरुस्ती केली त्यानं तपासायचं नाही. दोन, तपासणाऱ्यानं विमानाच्या शेपटीमागे उभं राहायचं. खाली थोडी जागा उरली म्हणून ‘हुकुमावरून’ असंही लिहून टाकलं. कोणाच्या, ते कुणी विचारलं नाही. माझं तोंड सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं दुकान मिक्सर आणि पंखे दुरुस्त करण्याचं. घरातला पंखा दोन महिने बंद असतो आणि मी सनबोर्ड कापून, ग्लूगननं चिकटवून विमानं बनवत बसतो, म्हणून बायको बोलते ते बरोबरच आहे. पण हातात बिघडलेली वस्तू आली आणि ती माझ्याकडून नीट झाली नाही, असं फार कमी वेळा झालंय. ही घमेंड आहे, आणि ती इथं सांगून ठेवणं गरजेचं आहे.

नियमांचं कारण साधं आहे. विमानाच्या पंखांना मागच्या कडेला एकेक हलणारी पट्टी असते. रिमोटची काडी उजवीकडे दाबली की उजवी पट्टी वर उठली पाहिजे, म्हणजे विमान उजवीकडे कलतं. आतली छोटी मोटर उलटी बसली तर उजवं दाबल्यावर डावी उठते. म्हणून उडवण्याआधी उडवणारा म्हणतो, ‘उजवं’, आणि शेपटीमागे उभा असलेला पट्टी बघून म्हणतो, ‘उजवं.’ मग ‘डावं’, ‘डावं’. शेपटीमागूनच का, तर तिथून विमानाची उजवी बाजू ती आपलीही उजवी. समोर उभं राहिलं की सगळं उलटं दिसतं, आणि उलटी बसलेली मोटर सुलटी वाटते. आमच्यातले एक सर, शाळेत गणित शिकवतात, एकदा असे समोर उभे राहिले होते. विमान उडायच्या आत मी पाहिलं आणि सगळ्यांदेखत त्यांना असं झाडलं की ते पुढचे दोन रविवार आलेच नाहीत.

आमच्यात सगळ्यात वडीलधारे म्हणजे काका. सत्तरीचे, यवतमाळजवळच्या एका तांड्यावर राहणारे. पस्तीस वर्षं त्यांनी कापसाचा ट्रक चालवला. ‘आमचे आजे बैलावर मीठ न्यायचे, मी ट्रकवर कापूस नेला, आता हे हवेत रिकामं नेऊन राह्यलो,’ असं म्हणायचे. पस्तीस वर्षांत गाडी कुठं घासलीसुद्धा नाही, हे मात्र ते स्वतः सांगायचे नाहीत. दुसरं कुणी सांगितलं की नुसते मान हलवायचे. त्यांच्या विमानाच्या शेपटीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवलेलं होतं आणि पोटाखाली काळा गोंडा लोंबायचा. गोंड्यानं विमान जड होतं म्हणून मी कितीदा तरी टोकलं. त्यांनी तो काढला नाही.

एकाआड एक शनिवारी काका मोटरसायकलवर केळापूरच्या बाजूला जायचे. तिकडच्या एका तांड्यावर त्यांची थोरली बहीण होती, खाटेला खिळलेली. तिला ते ‘बाई’ म्हणायचे. जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर, पण ट्रक चालवलेल्या माणसाला त्याचं काय? दिवसभर तिच्याजवळ बसायचे, दिवे लागायच्या आत परत यायचे, आणि रविवारी आमच्यासाठी तिनं सुनेकडून करवून घेतलेली जवसाची चटणी आणायचे. सर पोहे आणायचे. पोह्यांवर जवसाची चटणी आमच्या क्लबाबाहेर कुणी खात असेल असं वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा चांगला झाला. तोवर त्यांच्या विमानाची ती पट्ट्या हलवणारी छोटी मोटर जळाली होती, ती मी दुकानात बदलून दिली. पोळा झाल्यावरच्या रविवारी पावसानं उघडीप दिली आणि काका तीन-चार महिन्यांनी विमान उडवायला उभे राहिले.

सर त्या दिवशी उशिरा येणार होते, आलेले बाकी दोघं आपापल्या बॅटऱ्यांत गुंतलेले. ढग पुन्हा जमत होते. काका म्हणाले, ‘काहून थांबाचं बाप्पा, तूच पाह्य नं.’ दुरुस्ती माझी, तपासणीही माझी. पत्र्यावरचा पहिला नियम तिथंच मोडला. आणि दुसरा मोडला तो बुटांपायी. पोळ्याला घेतलेले पांढरे बूट पायात होते आणि विमानाच्या शेपटीमागे काळ्या मातीचा चिखल साचलेला. मी तिकडं गेलो नाही. नाकासमोर, कोरड्या मुरमावर उभा राहिलो.

काका बाजूला आठ-दहा पावलांवर होते, नजर रिमोटवर. ‘उजवं,’ ते म्हणाले. माझ्या उजव्या हाताकडची पट्टी उठली. ‘उजवं,’ मी म्हणालो. ‘डावं.’ ‘डावं.’ क्लीनरनं ‘आने दो’ म्हटलं की मान न वळवता ट्रक मागे घेणारा माणूस तो. माझ्या आवाजावर त्यांनी विमान सोडलं.

ते छान उठलं. मग वाऱ्यानं जरासं उजवीकडे कललं. काकांनी डावं दिलं, तर आणखी कललं. त्यांनी आणखी डावं दिलं. जितकं सावरायला गेले तितकं ते पालथं होत गेलं आणि गोंड्यासकट जमिनीवर आदळलं. सगळा खेळ पाच-सहा सेकंदांचा.

काका रिमोट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. ‘मले उजवं-डावंच समजलं नाई,’ ते म्हणाले. ‘डोये गेले माहे.’ आम्ही सगळे म्हणालो, होतं असं. मीसुद्धा म्हणालो. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

सोमवारी दुकानात, काका रिमोटसकट माझ्याकडेच सोडून गेलेलं ते मोडलेलं विमान टेबलावर घेतलं, कामाचे भाग काढून घेऊ म्हणून. बॅटरी जोडली. मी शेपटीच्या बाजूला बसलो होतो. उजवं दाबलं, डावी पट्टी उठली. पुन्हा दाबलं. पुन्हा डावीच. समोर एक ताई मिक्सर घेऊन उभ्या होत्या, त्या विचारत होत्या, ‘भाऊ, किती वेळ लागन?’ मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तिसऱ्यांदा दाबलं एवढं आठवतं.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. नाही केला. सरांना सगळ्यांदेखत झाडणारा मी. आता पत्र्याखाली उभं राहून काय सांगणार होतो? रविवारी सांगू, असं ठरवलं. रविवारी काका आले नाहीत. मनातल्या मनात मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. म्हणाले, डॉक्टरकडे दोनदा जाऊन आलो, तो म्हणतो डोळा एकदम चांगला आहे. ‘पण डॉक्टरले काय समजते? मी पाह्यलं नं. गाडीवर चादर टाकून देल्ली मी. रस्त्यावर कोणाचं लेकरू आलं आन् असंच झालं त?’

सांगायला याहून सोपी जागा कोणती होती? मी म्हणालो, ‘बरं केलं काका. वयही झालं आता.’

आधीची ती चूक होती. हे वाक्य मी शुद्धीवर असताना बोललो.

त्यानंतर मी त्यांचा विषय टाळायला लागलो. तांड्याच्या बाजूला काम निघालं तरी दुसऱ्या रस्त्यानं जायचो. क्लबात कुणी काकांचं नाव काढलं की बॅटरी तपासायला वाकायचो. संक्रांतीनंतरच्या रविवारी सरांनीच काढलं. सव्वीस जानेवारीला काकांचा सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ. वेळेवर थांबणं सगळ्यांना जमत नाही, ते त्यांना जमलं. ‘आणि दोन शब्द तुम्ही बोला,’ सर मला म्हणाले, ‘तुमचं त्यांच्याशी जास्त जमायचं.’ ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी दुकान उघडलंच नाही. माळ्यावरून ते मोडकं विमान काढलं, टेप मारून पंख जागेवर बसवले. मोटरला मात्र हात लावला नाही. होती तशीच, उलटी ठेवली.

तांड्यावर काका अंगणात खाटेवर बसलेले होते. मोटरसायकल भिंतीला, फुलाफुलांच्या चादरीखाली. मला बघून खूश झाले, काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहाचं नाव निघाल्यावर हसत म्हणाले, ‘कप भरून नको देऊ, सांडते माह्याच्यानं.’ मी विमान खाली ठेवलं, शेपटी त्यांच्याकडे करून. रिमोट त्यांच्या हातात दिला.

‘काका, उजवं द्या.’

‘कायले आता?’

‘द्या तं खरं.’

त्यांनी काडी दाबली. डावी पट्टी उठली. त्यांनी बघितलं. पुन्हा दाबली. मग चष्मा वर करून बघितलं, खाटेवरून उतरून शेपटीमागे उकिडवे बसले आणि हात लांब करून तिसऱ्यांदा दाबली. पंख्याची मोटर मी बघतो तसं शांतपणे बघत होते.

‘हे तूनं बसवलं होतं,’ ते म्हणाले.

‘हाव.’

‘आन् तूच पाह्यलं.’

‘समोरून पाह्यलं काका. मांगं चिखल होता. नवे बूट होते माहे.’

बुटांचं सांगायची गरज नव्हती. पण सांगायचं तर सगळंच, असं वाटलं.  काकांनी विचारलं, ‘कवापासून मालूम हाय तुले?’

‘दुसऱ्याच दिवसापासून.’

‘म्हंजे पोळ्यापासून,’ ते म्हणाले. आवाज चढला नाही. ‘बाई दिवाळीत गेली.’

मला माहीत नव्हतं. तांड्याचा रस्ता टाळणाऱ्याला कसं माहीत असणार?

‘पोरगा कापसात होता, त्याले येळ नाई. एसटीनं जाव म्हनलं त रोड ओलांडाचं भेव वाटे. तिच्या मातीलेच गेलो मंग.’ त्यांनी रिमोट बंद केला, खाटेवर ठेवला. ‘क्लीनरनं आने दो म्हनलं आन् मांगं खड्डा असला, तरी गाडी ड्रायव्हरनंच पाडली म्हंतात लोकं. मीबी तसंच म्हनलं.’

मी माफी मागितली. ती ऐकल्याचं त्यांनी काही दाखवलं नाही. उठले, चादर ओढून काढली, घडी करून खाटेवर ठेवली. मोटरसायकल पाच-सहा किकांनंतर सुरू झाली. ते तांड्याच्या वाटेनं डांबरी रस्त्याला लागले, उजवीकडे वळले आणि दिसेनासे झाले. काकू दोन कप घेऊन बाहेर आल्या. दोन्ही अर्धेच भरलेले. ‘कुठी गेले?’ त्यांनी विचारलं. 

तासाभरानं काका आले. गाडी स्टँडवर लावत म्हणाले, ‘शाल राहू द्या म्हना. इतवारी येतो मी. आन् लोकायले तूच सांग.’ मी मान हलवली. विमान त्यांनी ठेवून घेतलं.

रविवारी ते मोटरसायकलवर आले. मोटर त्यांनी स्वतःच काढून सुलटी बसवली होती, मला विचारलं नव्हतं. सर शेपटीमागे उभे राहिले. उजवं, उजवं. डावं, डावं. गोंडा लोंबवत ते विमान बाभळीवरून दोनदा गेलं, वळलं, आणि काकांनी ते असं अलगद उतरवलं की मुरमावर त्याचा आवाजही झाला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, ‘काका, कोण म्हणतं हो तुमचे डोळे गेले?’ काका माझ्याकडे बघणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्यांनी बघितलंही नाही.

मग आम्ही नेहमीसारखे बाभळीखाली, त्या पत्र्याखाली बसलो. सरांनी पोह्यांचा डबा उघडला. सगळ्यांच्या प्लेटा भरल्यावर त्यांनी हात पुढे केला. ‘काका, चटणी?’

‘नाई आता,’ काका म्हणाले. ‘बाई गेली माही.’

सरांचा हात तसाच राहिला. कुणीतरी विचारलं, कधी. काका म्हणाले, दिवाळीत. मी मनात शनिवार मोजत होतो. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, एकाआड एक. ती वाट बघत असणार असे चार शनिवार. मी प्लेट खाली ठेवली आणि त्या बुटांपासून सांगायला सुरुवात केली.