बोळक्या तोंडाची बुकुसू

नेकेसा बुंगोमाकडची, बुकुसू जमातीतली; घरची बोलीही बुकुसूच. शिकून नैरोबीला गेली आणि संगणकाला आपल्या माणसांची बोली कळावी म्हणून खटपट करणाऱ्या एका संशोधन केंद्रात रमली. त्या वर्षी पशुधन खात्याला गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायची होती. पण रोग कुठं शिरलाय ते कळणार कसं? खात्याच्या मदतीच्या फोनवर यंत्र उत्तर देई, पण त्याच्याशी इंग्रजी नाहीतर स्वाहिली बोलावं लागे. म्हातारी माणसं त्या वाटेलाच जात नसत. नेकेसाने खात्याला पटवलं, "फोनलाच बुकुसू शिकवू या."

फोन तयार झाला तशी ती हौसेनं गावी आली. पहिला मान वडिलांचा. मुख्वाना म्हातारा जन्मभर गुरांत वावरलेला. बायको गेल्यापासून मात्र त्याचं बोलणं आटलं होतं, आणि मागोमाग दातही गेले. अंगणात स्टुलावर बसून त्यानं फोन कानाला लावला.

"माझ्या गायीच्या तोंडात फोड आलेत. लाळ गळतेय."

फोन गोड आवाजात म्हणाला, "मक्याच्या बियाण्याबद्दल विचारताय का?"

म्हाताऱ्यानं पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. फोन मका सोडेना.

शेजारची नाफुला म्हातारी हसून लोटपोट झाली. "मुख्वाना, गाय विकून मका पेर आता!"

नेकेसाही हसली. मग तिनं पाहिलं, बाबांनी तोंडावर हात धरला होता.

"तुझा दोष नाही गं," ते पुटपुटले. "माझ्या बोळक्यातून शब्दच धड निघत नाहीत. गप्प बसलेलं बरं."

ते वाक्य तिच्या काळजात रुतलं. चूक कुठं होती ते तिला ठाऊक होतं. यंत्राला शिकवायला घेतलेले सगळे आवाज कॉलेजातल्या मुलामुलींचे होते. नैरोबीला परतून तिनं आपल्या वरिष्ठांना, मुटिसोंना, सांगितलं.

"अगं, तरुणांचं तर नीट कळतंय ना? खातं घाई करतंय."

"सर, तरुण सगळे इथं शहरात आहेत. गुरं म्हाताऱ्यांच्या गोठ्यात आहेत."

मुटिसोंनी खात्याकडून मुदत वाढवून घेतली.

ती पुन्हा गावी आली, आवाज गोळा करायला. पण माइक पुढे केला की म्हातारी माणसं गोगलगायीसारखी आत ओढली जात. शेवटी ती बाबांपुढेच बसली.

"काय बोलू मी?"

"आईला मागणी घातलीत, ते सांगा."

बाबांनी स्टूल पुढं ओढलं. मग बोलू लागले. नवरीच्या बापाला द्यायची गुरं घेऊन ते सासुरवाडीला निघाले होते. कुय्वा नदी फुगलेली. एक कालवड वाहून चालली, तशी त्यांनी उडी मारली. पलीकडच्या काठावर नेकेसाची आई उभी. ती ओरडली, "सोड ती कालवड, जीव वाचव!"

"मी म्हटलं, कालवड सोडली तर तुझा बाप तुला देईल का?" बाबा सांगत होते. "तुझी आई पाण्यात शिरली, हात धरून तिनं मला ओढलं. पुढं आयुष्यभर म्हणायची, तू मला गुरं देऊन आणलंस, मी तुला फुकट आणलं."

नेकेसानं हे कधीच ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून नाफुला कडाडली, "थापा! पाणी गुडघाभर होतं. मी होते ना तिथं!"

"तू होतीस? तेव्हा तू चुलीमागं शेंबूड पुसत होतीस!"

भांडण असं रंगलं की आजूबाजूची म्हातारी मंडळी साक्ष द्यायला आली. माइकचं भान कुणालाच उरलं नाही. पुढचे काही दिवस ही माणसं रोज येत, कुणी गुरांचं सांगे, कुणी सवतीचं. बाबा यजमानासारखे सगळ्यांना चहा देत आणि मध्येमध्ये टोकत.

काही महिन्यांनी फोन म्हाताऱ्यांचं बोलणं समजू लागला. नाफुला अर्ध्यात हसते, तिथं तो अजून अडखळतो. पण म्हाताऱ्यांच्या फोनवरून गोठ्यातला रोग खात्याला वेळीच कळला, आणि आजूबाजूच्या गावांत गुरांना लस मिळाली. बाबांची गाय तर त्याआधीच सावरली होती, जरा हडकली एवढंच.

हल्ली रविवारी चर्चमधून आले की बाबा नेकेसाला फोन करतात. शेजाऱ्यांची भांडणं, वासराच्या खोड्या, आईच्या एकेक आठवणी निघतात. ती नैरोबीत भाजी चिरत ऐकत राहते. "बरं, ठेवतो आता," ते म्हणतात, आणि ठेवत नाहीत.