गुरुदास मिस्त्रीची कानस

विजयदुर्ग बंदरावर होडीचं मशीन बंद पडलं की माणसं आधी देवाला शिव्या देतात आणि मग गुरुदास मिस्त्रीला बोलावतात. देव काही येत नाही. गुरुदास येतो. खांद्याला पिशवी, पिशवीत पान्हे, आणि सगळ्यांच्या वर, हात घालताच सापडावी म्हणून, कानस.

या कानशीवर गेली तीस वर्षं आमचं अर्धं बंदर चाललंय. कंपनीचा सुटा भाग मुंबईहून यायला आठ दिवस लागतात आणि बांगडा आठ दिवस कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे मशीन एका कंपनीचं, पिस्टन दुसऱ्या कंपनीचा आणि वॉशर मोडीत काढलेल्या रिक्षाचा, असा संसार गुरुदास मांडून देतो. वस्तू बसत नसेल तर घासायची, फुंकर मारायची, पुन्हा लावून बघायची. "वस्तू आपसूक बसणा नाय रे," तो म्हणतो, "बसवची लागता."

त्याची बायको सत्यवती लग्न होऊन आली तेव्हा शाळेतल्या नोकरीचं पत्र तिच्या पेटीत होतं. इथे सासू अंथरुणाला खिळलेली. ते पत्र पेटीतच राहिलं. तिलाही या घरात घासूनच बसवली, असं मी एकदा चारचौघांत बोलून गेलो. माझी वाक्यं मला सोडून सगळ्या गावात आधी पोचतात. त्यानंतर दोन वर्षं सत्यवतीने माझ्या चहात साखर घातली नाही.

त्यांना एकच मुलगी, संचिता. वय तेवीस. पडेलला सेवा केंद्रात बसते आणि लोकांचे अर्ज भरते. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा पीकविमा, कुणाचा जातीचा दाखला. तिथला कॉम्प्युटर सातबारा उघडतानाच धापा टाकतो. कॉलेजला कोल्हापुरात होती तेव्हा मात्र भक्ती नावाच्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर ती एक खेळ खेळायला शिकली होती. पाच जणी विरुद्ध पाच जणी, हातात बंदुका. लांबून नेम धरायचं काम संचिताचं, आणि त्यात तिचा हात धरणारी कोल्हापुरात कुणी नव्हती, असं भक्तीच सांगते. भक्ती आता मुलींचा संघ बांधत होती. संघ पुण्यात राहणार, खेळणार, महिन्याला पगार मिळणार. निवड गणपतीनंतरच्या रविवारी, ज्याच्या त्याच्या घरून. अट एकच: त्या दिवशी स्वतःचा दमदार कॉम्प्युटर पाहिजे. संचिताला पडेलच्या त्या खुर्चीतून उठायचं होतं, आणि उठायचा हा एकच दरवाजा तिला दिसत होता.

मी तिला विचारलं होतं, "गोळये झाडून लगीन जमतला काय गो?"

"आजोबानू, तुमी तोंडान झाडतास त्येच्यान कोणाचा जमला?" ती म्हणाली. पोरगी बापावर गेली नव्हती.

तयार कॉम्प्युटर परवडत नव्हता, म्हणून सुटे भाग आणून घरी जोडायचं ठरलं. सहा महिने ती वहीत यादी करत होती. घ्यायचं आणि लावायचं इतकं सोपं हे काम नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. मदरबोर्ड कुठला, त्यावर ठरतं कुठला प्रोसेसर त्यात बसणार आणि कुठली रॅम. ग्राफिक्स कार्ड केवढं लांब, त्यावर कॅबिनेट. आणि या सगळ्यांची भूक मिळून केवढी, त्यावर पावर सप्लायचा डबा. एक बदललं की बाकीच्या पाचांना विचारावं लागतं. सोयरीक परवडली.

संध्याकाळी ओट्यावर ती वही उघडायची आणि गुरुदास पाय पसरून ऐकायचा. बंदरावरच्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एरवी बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलंस?" आणि "जेवलंय." तो आता तिला प्रश्न विचारायचा, आणि अडाण्याचे नाही, मिस्त्रीचे. एकदा त्याने यादीवर बोट ठेवलं. "कार्ड एवढा मोठा आणि डबो हो एवढोसो? मशीन चाळीस घोड्याचा आणि डिझेलची नळी करंगळेएवढी. खेळ रंगात येतलो आणि मशीन बंद पडतला."

संचिताने फोनवर आकडे तपासले. खरंच डबा कमी पडत होता. तिने जुना खोडला, मोठा लिहिला आणि त्या ओळीपुढे समासात लिहिलं, 'बाबा'. गुरुदासाने ते पान मला आणून दाखवलं. मी चष्मा नाही म्हटलं, तर वाचून दाखवलं.

यादी मुंबईला भाईकडे गेली. भाई हा गुरुदासाचा मोठा भाऊ, चतुर्थीला न चुकता येणारा. आमच्याकडे मुंबईहून काहीही आणायचं असलं की ते गणपतीला येणाऱ्या माणसाच्या सामानातूनच येतं, हा रिवाज. भाईने सगळं आणलं, मोदकाच्या साच्यापासून ग्राफिक्स कार्डापर्यंत. फक्त रॅम यादीतली नव्हती, एक पिढी जुनी होती. दुकानदार म्हणाला होता की हीसुद्धा चालते, आणि मुंबईत तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'माका म्हायत नाय' हे तीन शब्द उच्चारता येत नाहीत.

संचिताने खोकं उघडलं आणि रॅमची पट्टी नुसती समोर धरून सांगितलं की ही बसणार नाही. पट्टीच्या कडेला एक खाच असते. बोर्डावरच्या फटीत एक उंचवटा असतो. खाच उंचवट्यावर आली तरच पट्टी बसते. इथे खाच जरा बाजूला होती. तिने त्रागा केला नाही. बरोबरची रॅम दुसरीकडून मागवली, गुरुवारी कुरियरने येणार होती. रविवार त्यानंतर. ही जुनी खोक्यात घालून ठेवली, परत पाठवायला. बाकी सगळं जोडून तिने कॅबिनेट खोलीतल्या टेबलावर ठेवलं.

आता माझा भाग येतो.

त्याच दिवशी आम्ही घरोघरी आरत्या म्हणत फिरत गुरुदासाकडे पोचलो. आरती झाली, उसळ आली, आणि माझं लक्ष त्या काळ्या पेटीकडे गेलं. संचिताने काय अडलंय ते सांगितलं. वीस माणसं बसलेली. माझ्या जिभेला असा मेळा दिसला की राहवत नाही. मी म्हटलं, "काय रे मिस्त्री, सगळ्या बंदराची मशिना चालू केलंस आणि चेडवाचा मशीन कुरियरवालो इल्याशिवाय चालू होणा नाय? कानस गंजली काय?"

सगळे हसले. भाई सर्वांत मोठ्याने हसला, चूक त्याची होती म्हणून. गुरुदासही हसला. संचिता तेवढी म्हणाली, "ह्या कानशीचा काम न्हय, आजोबानू." तिने हे मला सांगितलं. ऐकायला पाहिजे होतं ते तिच्या बापाने, आणि त्याने फक्त माझं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संचिता पडेलला गेली, सत्यवती शेजारी हळदीकुंकवाला. गुरुदासाने खोक्यातली पट्टी काढली. फटीला लावून बघितली. म्हणे दोन मिलिमीटरचा प्रश्न होता. अशा दोन मिलिमीटरवर त्याने अख्खी हयात काढलेली. त्याने सर्वांत बारीक कानस घेतली आणि खाच बाजूला वाढवली. फुंकर मारली. पुन्हा लावून बघितली. पुन्हा घासली. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि टक असा आवाज झाला. बरोबर बसलेल्या वस्तूचा आवाज असतो, अगदी तसा, असं तो मला नंतर म्हणाला.

त्याने बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला. बोर्डावरच्या त्या फटीतून एक बारीक धुराची रेघ वर आली आणि विझलेल्या फटाक्यासारखा वास.

त्याने प्लग काढला. पट्टी काढून पुसली, पाकिटात घातली, खोक्यावरची चिकटपट्टी होती तशी दाबली. टेबलावरचा चुरा फुंकून टाकला. सत्यवती आल्यावर म्हणाली, काय जळलं? तो म्हणाला, अगरबत्ती.

गुरुवारी नवी रॅम आली. संचिताने बसवली, बटण दाबलं. काही नाही. तिने सगळं सोडवून पुन्हा जोडलं. काही नाही. बाप शेजारी बॅटरी धरून उभा, कारण कॅबिनेटच्या आत नीट दिसत नव्हतं.

शुक्रवारी तिने भक्तीला फोन लावला. हात कामात म्हणून फोन स्पीकरवर. भक्ती म्हणाली, "माझा भाऊ उद्या कणकवलीला येतोय. आमच्याकडे दुसरा बोर्ड आहे, प्रोसेसर आहे, पावर सप्लाय आहे. सगळं उचलून आणता येणार नाही त्याला, बसने येतोय. कुठला पार्ट गेलाय तेवढं सांग, तो पाठवते."

संचिता म्हणाली, "तेच कळत नाहीये."

"पावर सप्लाय असेल?"

"नाही, तो नाही. तो बाबांनी सांगितलेला." मग ती म्हणाली, "प्रोसेसर असेल. तो मी निवडला होता. माझंच काहीतरी चुकलं."

गुरुदासाने बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. तेवढंच. एक शब्द, 'बोर्ड', एवढाच बोलायचा होता. बंदरावर भर वाऱ्यात एका होडीतून दुसऱ्या होडीत उडी टाकणारा माणूस हा.

शनिवारी ती कणकवलीला जाऊन प्रोसेसर घेऊन आली. लावला. काही नाही. रविवारी दुपारी तीनला निवड सुरू झाली आणि साडेपाचला संपली, आणि त्या वेळात संचिता ओट्यावर बसून वहीतली यादी पहिल्या ओळीपासून तपासत होती. कुठल्या ओळीत आपण चुकलो ते शोधत. भक्तीने सांगलीची एक मुलगी घेतली. भक्तीचा तरी काय दोष?

सोमवारी संचिताने जुनी रॅम परत पाठवायला खोकं उघडलं. नावनंबर लिहून घ्यायला पट्टी बाहेर काढली. खाचेच्या कडेला नवं, उजळ तांबं चमकत होतं. त्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. गुरुदास दारात होता. सत्यवती चुलीपाशी. हे मला सत्यवतीनेच सांगितलं, साखर घातलेला चहा पुढे ठेवून.

संचिता ओरडली नाही. म्हणाली, "कानस बारीक वापरलंस, बाबा. हात फिरयलो तरी लागणा नाय."

तिने पट्टी उजेडाला धरली.

"चार दिवस मी माझी चूक सोधी होतंय. तू बॅटरी धरून हुतंस."

मग तिने पट्टी त्याच्या हातात दिली आणि पडेलची गाडी पकडली.

भाई मुंबईला गेला आणि तिकडे सांगत सुटला की गावच्या दमट हवेत असली मशिनं टिकत नाहीत. मी बंदरावर दोन दिवस काही बोललो नाही. लोकांनी विचारलं, बरं नाही काय?

गुरुदासाने बंदरावरचं काम सोडलं नाही, पण कुणाचा भाग बसला नाही तर आता तो घासत नाही. "नवो हाड," म्हणतो, म्हणजे नवा आण. पोरं म्हणतात मिस्त्री म्हातारो झालो. होड्या आठ आठ दिवस उभ्या राहतात आणि माणसं मला येऊन विचारतात, याला झालंय काय. मला विचारतात!

शिमग्याच्या सुमारास कळलं की संचिताने नवा बोर्ड घेतला. कॅबिनेट घरातून उचलून पडेलला नेलं, केंद्राच्या मागच्या खोलीत, आणि एकटीनेच जोडलं. संघ तर गेलाच होता. घरी ती जेवते, झोपते, बापाला जेवायला वाढते. पडेलच्या काउंटरवर येणाऱ्या माणसाशी बोलते तशी बोलते, नीट, हळू, कामापुरतं.

एक दिवस गुरुदास जेटीवर माझ्याजवळ येऊन बसला. त्यानेच तेव्हा मला ते अंगठ्यांचं, धुराचं, सगळं सांगितलं. माझ्या थट्टेचा उल्लेख केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, "आबा, तू पडेलाक जातंस. बघ मरे, चलता काय ता."

मी गेलो. हयातीच्या दाखल्याचं निमित्त होतंच. संचिताने माझा अंगठा घेतला, कागद दिला. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आत निळा उजेड दिसत होता. मी म्हटलं, "बघूक दी गो वायच." तिने उठून दार लावलं आणि पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

जेटीवर गुरुदास वाट बघत होता. मी सांगितलं, चालतंय.

"आवाज कसो?"

"आवाजच नाय."

त्याने मान डोलावली. आवाज नाही म्हणजे सगळं नीट बसलं. मग समुद्राकडे बघत म्हणाला, "डबो खंयचो घातल्यान? लहान की मोठो? मी सांगलेलो तो?"

पन्नास वर्षं मी या गावात ऐकलेल्याला तिखटमीठ लावून सांगत आलो. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगायची ही पहिली वेळ.

"तोच," मी म्हटलं. "मोठो."