बिनमाईकची पोरगी

कुठल्याही नव्या जागेत पाय ठेवला की ती आधी एक टाळी वाजवायची. एकच, कडक. मग मान तिरकी करून थांबायची. मंगल कार्यालय असो, बँक असो, नाहीतर दवाखाना. लोक वळून बघायचे. मी म्हणायचो, "काय गं माय, डास मारून राहिली का?" ती म्हणायची, "थांबा मामा, खोली काय म्हणते ते ऐकू द्या."

मी काही तिचा सख्खा मामा नाही. अहमदपुरात माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे आणि ती आमच्या मागच्या गल्लीतली. बाप एसटीत कंडक्टर, आई सरकारी दवाखान्याची आशा कार्यकर्ती. तुम्ही म्हणाल, साउंडवाल्याला गाणाऱ्याचं काय कौतुक? खरंय. पंचवीस वर्षांत इतके गाणारे बघितले, स्टेजवर चढला की प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "भाऊ, थोडा इको वाढवा." आमच्याकडं इकोशिवाय गाणं म्हणजे फोडणीशिवाय वरण.

ही पोरगी मात्र माझ्या धंद्याच्या मुळावरच उठलेली. शाळेत असताना जयंतीच्या कार्यक्रमात वंदना झाल्यावर ती गायला उभी राहिली आणि लाईट गेली. मी जनरेटरच्या दोरीशी झटापट करून राहिलो, घामाघूम. मान वर केली तर गाणं चालूच! मैदानाच्या पार टोकाला, भेळेच्या गाड्यापाशी उभी असलेली माणसं चिडीचूप ऐकत होती. शेवटी जनरेटर धडधडला, तर लोकच माझ्यावर ओरडले, "बंद करा हो ते!" अशी बेइज्जती माझी जन्मात झाली नव्हती. आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

पुढं ती विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली, हैदराबादेत नोकरीला लागली. तिथं एका बाईंकडं ऑपेरा शिकू लागली. ऑपेरा म्हणजे परदेशातलं संगीत नाटक, तिनं मला समजावलं. पण साठ-सत्तर वाजंत्री समोर वाजवत असताना त्यांच्या वरून आवाज न्यायचा, तोही माईक न लावता. "काहीबी सांगून राहिली," मी म्हणालो. तिनं दुकानात उभ्या उभ्या एक सूर लावला. कोपऱ्यात दुरुस्तीला आलेला ताशा पडला होता, त्याचं वरचं ताणलेलं पान आपोआप थरथरलं. शपथेवर सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

तिनं नोकरी सोडली तेव्हा घरात रणकंदन झालं. बापानं शेवटी बजावलं, "एक वर्ष. तेवढ्यात तिकडं कुणी घेतलं तर ठीक, न्हाईतर गुपचूप लातूरला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा." ती "हाव" म्हणाली आणि रियाजाला बसली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू हातातलं पातेलं तसंच घेऊन धावत आल्या, "कोण गेलं गं बाई?" तिनं गाणं थांबवून त्यांना पाणी दिलं. "कुणी न्हाई काकू. बसा. पुन्हा एकदा म्हणते."

"पुन्हा एकदा" हे तिचं पालुपद. तीन ठिकाणांहून नकार आले, तरी तेच. वर्ष संपत आलं तेव्हा एकच जागा उरली होती, जर्मनीतल्या एका ऑपेरात. तिथं व्हिडिओ पाठवायचा होता. अट अशी की एका दमात गायचं आणि आवाजाला काहीही लावायचं नाही. पियानोची साथ तिच्या हैदराबादच्या बाईंनी वाजवून, रेकॉर्ड करून पाठवली होती. शेवटच्या दिवशी, रविवारी, मी ओळखीचं मंगल कार्यालय दुपारपर्यंत मिळवलं आणि रेकॉर्डिंगचा माईक लांब उभा केला. सकाळपासून म्हणत म्हणत शेवटी ती अशी गायली की मी बघतच राहिलो. आणि मी काय केलं? मिक्सरवर गुपचूप थोडासा इको दिला. सवय हो! आणि माया. पोरगी परदेशात अशी कोरडी कशी पाठवायची, असं वाटलं.

तिनं हेडफोन लावला आणि चेहराच उतरला. "मामा, इको दिला का?"

"जरासा."

तो आवाजासकटच रेकॉर्ड झाला होता, आता काढता येत नव्हता. दोन वाजले होते, पाचला मुदत संपणार होती आणि कार्यालयात संध्याकाळच्या रिसेप्शनवाले खुर्च्या मांडायला लागले होते. "माय, जोड्यानं मार मला," मी म्हणालो. ती घोटभर कोमट पाणी प्यायली. "पुन्हा एकदा," म्हणाली. "पण एकदाच मामा. गळ्यात तेवढंच शिल्लक हाय."

रविवारमुळं धान्याचा सौदा बंद होता, म्हणून बाजार समितीची शेड मोकळी मिळाली. सोयाबीनच्या थप्प्यांवर दोन-तीन हमाल आडवे झाले होते. तिनं टाळी वाजवली, तीन पावलं मागं सरली आणि उभी राहिली. मिक्सर मी गाडीतून खाली उतरवलाच नाही; माईक सरळ कॅमेऱ्याला जोडला आणि पियानो छोट्या स्पीकरवर लावला. शेवटचा उंच सूर जवळ आला तसे मी डोळे मिटून घेतले. तो फुटला असता तर पोरीचं वर्ष माझ्यापायी गेलं असतं.

फुटला नाही. वर पत्र्यापर्यंत चढला आणि तिथंच भरून राहिला. डोळे उघडले तर हमाल उठून बसले होते, एकानं डोक्याचा रुमाल काढून हातात धरला होता. एवढ्याशा पोरीच्या अंगात हे कुठून येतं, मला आजही कळत नाही. मी तोंड फिरवून रडलो. मुदतीच्या आधी वीस मिनिटं व्हिडिओ गेला.

दीड महिन्यानं बोलावणं आलं आणि ती गेली.

परवा सकाळी तिच्या पहिल्या प्रयोगाचं चित्रीकरण आलं. मोठा पडदा म्हणून बाप माझ्या दुकानात बघायला आला. काम मोलकरणीचं, हातात तबक, वाट्याला चार ओळी. केसांच्या त्या टोपात बापाला ती ओळखूच येईना. बघता बघता तो म्हणाला, "तिनं सांगितलं मला सगळं. पहिलं रेकॉर्डिंग तिच्याच चुकीनं वाया गेलं, मग तुम्ही धावपळ करून शेड मिळवली. लई उपकार झाले, भाऊ."

"तिची चूक नव्हती हो," मी म्हणालो. "मीच..."

तेवढ्यात मोलकरीण गायला लागली. बाप ताडकन उठून उभा राहिला. मी माझं वाक्य पूर्ण केलं, चांगलं मोठ्यानं केलं. त्याला ते ऐकू गेलं नाही.