कुत्रं एक, कोर्टं दोन

"दारोदार मतं मागत फिरणाऱ्याकडे मी न्याय मागायला जाणार नाही."

एल्डन मॅब्री हे कॅफेत बोलला, आणि त्याची कॉफी निवायच्या आत ते टेक्ससमधल्या सगळ्या मिलर्स फोर्क गावात पोचलं. छपरं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. वर वाऱ्याशी बोलायची सवय. त्यामुळे खाली उतरला तरी आवाज छपरावरच राहिलेला.

त्याच्या बोलण्याला कारण होतं. तिकडे काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, न्यायाधीशही मतांवर निवडून येतो. मागच्या निवडणुकीत काउंटीचे न्यायाधीश रॉइस हॅस्केल पुन्हा उभे राहिले, तेव्हा एल्डननं अंगणात पाटी ठोकली होती : 'हॅस्केल सोडून कोणीही'. हॅस्केल निवडून आले. मग एल्डन मेथॉडिस्ट चर्चच्या छपरावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये चढवताना तो शेजारच्या नेल्डा कॉबला ओरडून म्हणाला, "डीकनकडे बघ गं!"

डीकन म्हणजे त्याचा कुत्रा. लांब कानांचा, तेरा वर्षांचा, चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी दफनाला आल्यासारखा भाव. नेल्डानं त्याच्याकडे इतकं बघितलं, की एल्डन काठी टेकत परतला तेव्हा ती दारातच आडवी उभी राहिली. "तो आता माझ्या सोफ्यावर झोपतो," म्हणाली. आणि हीच नेल्डा हॅस्केलसाठी घरोघर मतं मागत हिंडली होती.

म्हणून एल्डन ओपल रस्ककडे आला. ओपल गावातली एकुलती एक वकील, शाळेत त्याच्याच वर्गातली.

"मला फेडरल कोर्टात, देशाच्या कोर्टात जायचंय. तिथला न्यायाधीश जन्मभरासाठी नेमलेला असतो. त्याला ना मताची पडलेली, ना नेल्डाची."

"एल्डन, ते कोर्ट म्हणजे काउंटी कोर्टाचा थोरला भाऊ नव्हे, की धाकट्यानं मारलं म्हणून त्याच्याकडे रडत जावं. ते घरच वेगळं. चूल वेगळी, दार वेगळं. भांडण देशाच्या कायद्याचं असेल तर ते आत घेतात. नाहीतर भांडणारे दोन वेगळ्या राज्यांतले हवेत, आणि वाद पंचाहत्तर हजार डॉलरच्या वरचा."

"वेगळ्या राज्यांतले," एल्डन म्हणाला आणि उठला. पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही.

आठवड्याभरात त्यानं टेक्ससमधलं घर बंद केलं, राहायचा ट्रेलर गाडीला जोडला आणि राज्याची हद्द ओलांडून आर्कान्सामध्ये बहिणीच्या कुरणात नेऊन लावला. गायी रोज खिडकीतून आत बघायच्या. ओपलनं हात वर केले, तेव्हा त्यानं आपल्या हातानं दावा दाखल केला. शहरातल्या उंच छताच्या फेडरल कोर्टात न्यायाधीशांनी एकच विचारलं, "कुत्र्याची किंमत काय?"

"साहेब, तुम्ही त्याला पाहिलंय का?"

साहेब हसले नाहीत. "तुमचं गाऱ्हाणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. दार चुकलंय. काउंटीत जा."

पायऱ्या उतरताना एल्डन, नुसती सोबत म्हणून आलेल्या ओपलपाशी, धुमसत होता. "ह्याला तर कुणाचीच भीती नाही गं ओपल! तरी?"

"म्हणूनच. मत मागायचं नाही, तर उरतो कायदाच. किंमत पंचाहत्तर हजारांवर जात नाही, तर तो तुझ्या कुत्र्याला हात लावू शकत नाही." मग ती हळू म्हणाली, "तू दारं शोधत बसलायस आणि डीकन म्हातारा होतोय."

हे मात्र कानात शिरलं.

काउंटी कोर्ट म्हणजे टपाल कचेरीमागची एक खोली. ओपलनं दाराशी त्याचा कोट धरला. "विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शपथ घे." त्यानं घेतली, ओपलचा विश्वास बसला नाही. आत नेल्डा बसली होती, तिच्या पायाशी डीकन. एल्डनला पाहून त्यानं शेपटी हलवली, मग नेल्डाला वाईट वाटेल म्हणून की काय, थांबवली.

हॅस्केल चष्मा पुसत म्हणाले, "नेल्डाबाई, अँब्युलन्समधून हा काय म्हणाला होता?"

ओपलनं पेन खाली ठेवलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता, तर साक्षीला दुसरं कोण होतं?

नेल्डा कॉब चर्चमध्ये पहिल्या रांगेत गाणारी बाई. तिनं डीकनकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "डीकनकडे बघ, म्हणाला."

"घे, असं म्हणाला?"

"नाही." आणि तिला रडू फुटलं. "पण तो माझ्या सोफ्यावर झोपतो हो!"

"सांभाळायला दिलेली वस्तू देणाऱ्याचीच राहते. कुत्रा एल्डनचा." हॅस्केलनी चष्मा चढवला. "एल्डन, काही बोलायचंय?"

ओपलनं डोळे मिटले. छपरावरचा तो आवाज आता सुटणार.

एल्डननं नुसती नकाराची मान हलवली. "तर मग मीच बोलतो," हॅस्केल म्हणाले. "तुझ्या अंगणातली पाटी वाऱ्यानं कललीय. मी रोज तिथून जातो. मान वाकडी करून वाचावी लागते. सरळ करून घे."

एल्डननं वाकून डीकनची दोरी घेतली, नेल्डाच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबला, डीकनला तिचा हात चाटू दिला. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि एक शब्द न बोलता बाहेर पडला.