खांद्यावरचा माझा हात

आनंदा घरतचा डावा खांदा खाली आणायचा म्हणून मी चार वर्षं घसा फोडला. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. नवीन पनवेलच्या मैदानावर मी संध्याकाळी धनुर्विद्या शिकवते, आणि तिथे मला सगळे घाबरून असतात. आनंदाही.

हा आनंदा पळस्प्याजवळच्या गावातला. बापाचं मिठागर होतं, ते गेलं. आता कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवतो. बेचाळिसाव्या वर्षी मुलीला सोडायला मैदानावर आला आणि स्वतःच बांबूचं धनुष्य धरून उभा राहिला. मुलगी महिन्याभरात कंटाळली, बाप टिकला.

नेम उत्तम, पण खोड एकच. दोरी ओढली की धनुष्याच्या हाताचा खांदा कानाला लागायचा. खांदा चढला की पाठ सुटते, सगळा ताण दंडावर येतो आणि बाण डावीकडे जातो. मी त्याच्या खांद्यावर तळवा ठेवून दाबायची. "खाली. पाठीने ओढ, हाताने नाही." दाबलं की खांदा आणखी वर. मग मी आणखी जोरात दाबायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं त्याला चारचौघांत ऐकवायची.

दोनदा जिल्ह्याच्या निवडीत तो थोडक्यात हुकला. यंदा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ओढण्याची पद्धत बदला नाहीतर धनुष्य सोडा. आनंदा मला म्हणाला, "बाई, या टायमाला नाय झाला तं धनुष्य माळ्यावर." निवड रविवारी होती. मला रात्री झोप लागेना, आणि त्याचा राग मी त्याच्यावरच काढत होते.

त्यातच गुरुवारी गावदेवीची पालखी. मी बजावलं होतं, यंदा खांदा द्यायचा नाही. तो बाण गोळा करायला निघून गेला, तेव्हाच कळायला हवं होतं. संध्याकाळी रिक्षा करून गावात गेले, तर हा गुलालाने माखलेला, पालखीच्या पुढच्या दांड्याखाली, डाव्याच खांद्यावर. सगळ्या गावासमोर झापायचं ठरवून मी पुढे झाले.

तेवढ्यात पालखी टेकवून पुन्हा उचलली. दांडा खांद्याला लागला मात्र, आनंदाचा खांदा आपोआप वर गेला. मी जागच्या जागी थांबले. नंतर तो पाणी प्यायला आला तेव्हा विचारलं.

"वजन आला का खांदा वर द्याचा, बाई," तो म्हणाला. "खाली घेतला तं सगला भार मागच्यावर जातो. बानं लहानपनीच शिकवलाय."

मला भर गर्दीत शरम वाटली. चार वर्षं मी त्याच्या खांद्यावर वजन ठेवत होते आणि तो इमानाने ते उचलत होता. चूक त्याची नव्हती, माझ्या तळव्याची होती. हे त्याला तिथेच सांगितलं. तो गोंधळून हसला आणि पुन्हा दांड्याखाली गेला.

शुक्रवारी मी खांद्याला हात लावला नाही. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या दोन हाडांच्या मध्ये, फक्त दोन बोटं टेकवली. म्हटलं, ही दोन्ही हाडं माझ्या बोटांना येऊन भिडू देत, खांद्याचं नावच काढू नकोस. पहिले बाण कुठेही गेले. शनिवारी अंधार पडेपर्यंत दहातले सहा जमले. सहावर निवड होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रविवारी शेवटच्या बाणापर्यंत तो टिकून होता. हा एक लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात बसला की संघात, नाहीतर माळा. प्रशिक्षकांना मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीच्या मागेच थांबावं लागतं, बोलायची बंदी. त्याने ओढलं आणि खांदा चढला. माझ्या तोंडातून ओरडा येणारच होता, मी पदर दातात धरला. घड्याळात वीस सेकंद उरले होते. आता बाण सोडला तर गेलाच.

त्याने सोडला नाही. दोरी सावकाश परत नेली, धनुष्य खाली केलं, एक श्वास घेतला. बारा सेकंद. पुन्हा उचललं. आणि या वेळी त्याच्या शर्टाला पाठीवर बरोबर मध्ये चुणी पडली, माझी बोटं असायची तिथे. बाण पिवळ्यात बसला.

संघाच्या यादीत नाव लागल्यावर तो पाया पडायला वाकला. उठला तेव्हा सवयीने माझा हात त्याच्या खांद्याकडे गेला. लक्षात येताच मी मागे घेतला.

"ठेवा बाई," तो म्हणाला, "आता नाय वर येनार."

मी ठेवला. खांदा लगेच वर आला. या खेपेला मी तो दाबला नाही.