काटकोनात फिरवून

"श्वास बंद! सगळ्यांनी!" मॅडम ओरडल्या आणि आम्ही चौघे जागच्या जागी खांब झालो. तारनाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ही रोजची आरोळी. बाहेरचे ऑटोवालेसुद्धा क्षणभर श्वास घ्यायचे थांबत, हे मी शपथेवर सांगतो. तुम्ही मानू नका.

कारणही तसंच होतं. मॅडमच्या यंत्रात एक सुई; तिचं टोक एवढं बारीक की मुंगीच्या पिल्लाचे मोजे शिवून घ्यावेत. तिच्याखाली स्फटिकाचा पापुद्रा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. टोकावर लेझर सोडला की त्यात प्रकाशाच्या लाटा उठत. त्या एका दिशेला लांब आणि दुसऱ्या दिशेला आखूड आहेत का, एवढंच मॅडम कित्येक वर्षं शोधत होत्या.

काहीही दिसलं की त्यांचं एकच वाक्य, "घुमाके देखो." स्फटिक काटकोनात फिरवायचा. लांब लाट त्याच्याबरोबर वळली तर गुण स्फटिकाचा. जागची हलली नाही तर खोड यंत्राची. सुलतान बाजारात साडीसुद्धा त्या उभी-आडवी धरून बघत. दुकानदार एकदा कळवळून म्हणाला, "अम्मा, कैसे भी पकडो, साडीच है."

मॅडमच्या निवृत्तीला महिना उरला. संचालकांनी बजावलं होतं, निकाल दाखवा, नाहीतर तुमच्यानंतर ही खोली बंद. आणि एका दुपारी लाटा आल्या! इकडे लांब, तिकडे आखूड, अगदी हव्या तशा. मी असा उडालो की पंख्याने डोकं थोडक्यात सोडलं. चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली.

"घुमाके देखो," मॅडम म्हणाल्या.

"आज नको ना मॅडम. आधी संचालक सरांना दाखवू."

त्यांनी स्वतःच स्फटिक फिरवला. या वेळी कुणी न सांगताच आम्ही श्वास रोखला. लांब लाट होती तिथेच राहिली. सुई काढून तपासली, तर टोक एका अंगाला वाकलेलं. नव्या सुईने लाटा सगळीकडे सारख्याच. लाटा आल्याचं ऐकून संचालक धावत आले, तेव्हा निकाल नाही हे मॅडमनीच सांगितलं.

आता त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत. दारावरून जाताना माझा श्वास अजून अडकतो.

परवा कुकटपल्लीला त्यांच्या घरी गेलो. न राहवून म्हणालो, त्या दिवशी फिरवलं नसतं तर खोली वाचली असती.

मॅडम शेंगा सोलत होत्या.

"सुई वाकडी होती," त्या म्हणाल्या.