फाटकावरची एक राहिलेली सही

बाबा जाऊन वर्ष झालं. ते वजनकाट्यावर नोकरीला होते तो बंद पडलेला सहकारी साखर कारखाना एकदा बघून ये, असं आईचं टुमणं सुरूच होतं. बंद कारखान्यात बघायचं काय डोंबल, असं पुटपुटत निघाले.

अंबाजोगाईहून सकाळची एसटी धरा. पाणी सोबत ठेवाच. यंदा दुष्काळ आहे; गावोगावी टँकरसाठी निळे ड्रम रांगेत उभे दिसतात, माणसं दिसत नाहीत. फाट्यावर ऐंशी रुपयांत झकास पिठलं-भाकरी मिळते. पुढे अर्धा तास पायपीट. एकेकाळी दुतर्फा ऊस होता, आता भेगाळलेली रानं. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

फाटकात म्हातारे वॉचमनकाका, कडक इस्त्रीच्या खाकीत. मी जयभीम केला, ओळख सांगितली. त्यांनी वही पुढे केली: आत जायचं तर सही करा. हसू दाबत केली, चक्कर मारून आले. आत घुबडांची विष्ठा आणि गंज.

मग काका बोलायला लागले. त्यांच्या आज्याच्या वेळी सरकार हैदराबादला होतं, कुणी पाहिलेलं नव्हतं. मग ते मुंबईला गेलं. मग या फाटकाशी आलं: चाळीस गावांचे रस्ते, शाळा, दवाखाना, भावाभावांची भांडणंसुद्धा चेअरमनच्या केबिनमध्ये मिटायची. आता म्हणे मोबाईलमध्ये गेलंय, आणि इथं रेंज नाही.

मग तुम्ही कशाला थांबलात, मी विचारलं.

"शेवटचा मानूस भाईर पडल्याबिगर फाटक लावायचं न्हाई, असा हुकूम हाय. लेक लई बोलावती. पन एक सही राह्यलीय."

त्यांनी कपाटातून जुनी वही काढली. आत येणाऱ्यांच्या रकान्यात बाबांची वळणदार सही. शेजारचा, जाणाऱ्यांचा रकाना कोरा.

"काट्यावरचे साहेब आत हायत," काका हळू म्हणाले.

बंदची नोटीस लागली त्या दिवशी बाबा मागच्या उसातून घरी आले होते. फाटकावर लोकांसमोर रडू येईल म्हणून. ते वारले, हे मी काकांना सांगितलं. त्यांनी पेन पुढे केलं. तेवढ्यात वजनकाट्याचा पत्रा वाजला, ट्रॅक्टर चढल्यासारखा. वारा अजिबात नव्हता.

बाबांच्या नावापुढे मी सही केली. काकांनी वेळ लिहिली, टोपी काढली, कुलूप लावलं. किल्ली द्यायची कुणाला, हे त्यांना कळेना, खिशात टाकली. फाट्यावर रेंज आली तसा काकांनी माझ्याच मोबाईलवरून लेकीला फोन लावला, येतो म्हणाले.

पुण्याला परतून आईला सगळं सांगितलं. सुटले एकदाचे, म्हणाली, आणि बराच वेळ डोळे पुसत बसली.

दोन दिवसांनी काकांच्या लेकीचा फोन आला. काका कुलूप उघडून पुन्हा फाटकात जाऊन बसले होते.

"वही घेऊन बसलेत, ताई," ती म्हणाली. "म्हनतेत, साहेबांची लेक आत हाय. तिची जाताना सही न्हाई."